पंधरवडा म्हणजे किती दिवस?

संधिवात झालेल्या मुलांच्या पालकांसाठी अमेरिकेत केलेली एक प्रश्नावली १९९४ साली प्रसिद्ध झाली. रोजच्या कामांचे आठ गट आणि त्यांत मिळून तीस प्रश्न. जेवणाच्या गटात एक प्रश्न असा आहे, की मूल आपलं मांस स्वतः कापू शकतं का? त्याच गटात पुढे सीरियलचा नवा खोका उघडता येतो का, हेही विचारलं आहे. येवल्यातल्या एखाद्या जैन घरात पहिला प्रश्न जसाच्या तसा विचारला, तर विचारणाऱ्याचा चहा चुलीवरच राहील. मांसाहारी घरातही काही वेगळं होणार नाही. आपल्या ताटाशेजारी सुरी नसते, आणि तुकडे खाटकाच्या ठोकळ्यावरच झालेले असतात. घरच्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही, त्याला नाही कापता येत’ असं सांगितलं, तर कागदावर त्या मुलाचं अपंगत्व मात्र वाढेल.

या प्रश्नाला मांसाशी काही देणंघेणं नाही. त्याला मनगट वळतं का आणि बोटांत जोर आहे का, एवढंच जाणून घ्यायचं आहे. मग त्या जागी ‘भाकरी एका हातानं मोडता येते का’ असं घालावं का? सुचायला हे सोपं आहे. पण भाकरी ज्वारीची की बाजरीची? तव्यावरून उतरलेली की सकाळची? शिळी बाजरीची भाकरी मोडायला माझ्याच बोटांना कष्ट पडतात. सुरीनं मांस कापण्याइतकंच कठीण काम आपल्या स्वयंपाकघरात कोणतं, हे बसल्या जागी ठरवता येत नाही. ते मुलांना करायला लावून, मोजून ठरवावं लागतं. हे पुस्तक अशा ठरवण्याविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. येवल्यात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ‘सर, जरा भाषा बघून द्या’ म्हणून माझ्याकडे आलेल्या एका प्रश्नावलीमुळे या वाटेला लागलो. भाषा बघणं म्हणजे शुद्धलेखन तपासणं, असं तेव्हा मला वाटत होतं. संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवून पाहिलं. त्यांचं म्हणणं पडलं की तज्ज्ञ आत आहेतच, दारात ओळख करून द्यायला शेजारचा माणूस हवा.

तर ओळख अशी. ताप मोजायला तापमापक आहे, रक्तातली साखर मोजायला यंत्र आहे. पण दुखतं किती, झोप कशी लागते, शाळेत जावंसं वाटतं का, घरात कुणाशी बोलता येतं का, हे विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही. विचारायचं ते सगळ्यांना सारखं विचारायचं, उत्तरांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आरोग्याची प्रश्नावली ती एवढीच. तिचं बळ सारखेपणात आहे, आणि दुसऱ्या भाषेत जाताना नेमका तोच सारखेपणा पहिल्यांदा निसटतो. अनुवादित कवितेत एखादी छटा हरवली तर रसिक हळहळतात. इथे छटा हरवली तर आजारी मूल निरोगी ठरतं, किंवा निरोग्याच्या हातात आजाराचा कागद पडतो.

मराठीला हे काम नवं नाही, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. मुंबई इलाख्यातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बुद्धिमापनाची स्टॅनफर्ड-बिने कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती १९३० च्या दशकात. बिने-कामत हे नाव आजही दवाखान्यांत ऐकू येतं. १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलरची बुद्धिमापन कसोटी भारतीय मुलांसाठी नव्यानं रचली. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी मुलांच्या माणूस काढण्याच्या चित्रांवरून आणि तान्ह्या बाळांच्या वाढीच्या टप्प्यांवरून मापं तयार केली. १९६२ साली पुण्यात सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनं मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम मराठीत चालू ठेवलं. कामतांचा काळ विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. परक्या देशाचं माप आपल्या मुलाला लावण्याआधी ते नव्यानं आखावं लागतं, हे स्वातंत्र्याच्या आधीच इथल्या शिक्षकांना कळलेलं होतं.

घरोघर जाऊन आरोग्याचे प्रश्न विचारण्याची परंपराही तितकीच जुनी, आणि तिचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यातून जातो. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या नी. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांत जननप्रमाणाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५५ साली निघाला. किती मुलं झाली, किती जगली, हे प्रश्न त्या काळी परक्या माणसानं बाईला विचारायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. लग्नाचं वय, बाळ गेलं तेव्हाचं त्याचं वय, यांतलं काहीच कागदावर नव्हतं. अशा पाहण्यांत वर्ष काढायची वाट दुष्काळ, पूर, साथ, गावातलं मोठं लग्न यांवरून जाते. आज मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. १९९२-९३ पासून २०१९-२१ पर्यंत तिच्या पाच फेऱ्या झाल्या. त्यांतले मराठी प्रश्न लाखो घरांत वाचून दाखवले गेले आहेत, पण वाङ्मय म्हणून कुणी ते वाचलेले नाहीत. वाचावेत. ‘पातळ संडास’ आणि ‘अतिसार’ यांतला कोणता शब्द छापायचा, यावर कुणीतरी कधीतरी भांडलेलं असणार.

आता या क्षेत्रातल्या घराण्यांकडे येतो. गाण्यातल्यासारखी ती इथेही आहेत, आणि एकमेकांच्या तालमीबद्दल त्यांची मतंही तशीच तिखट आहेत.

पहिलं घराणं उलट अनुवादाचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडलेली युक्ती साधी होती. इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे. पुढे या रीतीला शिस्त आली. २००० सालच्या बीटन आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शक टिपणात दोन स्वतंत्र अनुवादक आहेत. त्यांतला एक विषय जाणणारा आणि दुसरा मुद्दाम न जाणणारा. मग दोघांच्या मजकुराचा मेळ, दोन उलट अनुवाद, तज्ज्ञांची बैठक आणि शेवटी तीस-चाळीस माणसांवर चाचणी, असा सगळा क्रम लावून दिला आहे. सुरुवातीला सांगितलेली मुलांची प्रश्नावली अशाच शिस्तीतून गेली. इटलीतल्या जिनोआहून चालणाऱ्या बालसंधिवाताच्या जाळ्यानं तिच्या बत्तीस देशांसाठी आवृत्त्या करवून घेतल्या, त्या २००१ साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांत तुर्कीही होता. तुर्की मुलं, त्यांचे पालक आणि जर्मनी-नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेली तुर्की कुटुंबं यांच्यासाठी प्रश्नावल्या बसवण्याचं बरंच काम झालेलं आहे. परदेशातल्या मराठी घरांसाठी असं काम करणाऱ्यांनी ते जरूर पाहावं, कारण घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला कोणत्या भाषेत विचारायचं, हा प्रश्न दोघांचाही आहे.

उलट अनुवादाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. खऱ्या हातविणीची ती ओळख, आणि आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदा तेच पाहतं. पण पदर उलटून विणकाम पारखता येतं, साडी नेसणारीला शोभेल का ते नाही. कशात रस न वाटण्यासाठी वापरलेला ‘रुचीचा अभाव’ हा शब्दप्रयोग उलट अनुवादात लख्ख बाहेर येतो. मूळ इंग्रजी शब्द बरोब्बर सापडतो आणि समिती खूश होते. तोच शब्द मागावर बसलेल्या बाईला विचारला की ती म्हणते, तोंडाला चव आहे की!

दुसरं घराणं उलट्या बाजूनं निघतं. ते आधी लोकांचे शब्द गोळा करतं आणि मग प्रश्न बांधतं. या घराण्याची एक मोठी बैठक मुंबईत झाली, हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसतं. मिचेल वाइस आणि के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. दूनगाजी यांच्यासारखे सहकारी यांनी कुष्ठरोग आणि मनःस्वास्थ्य यांचा अभ्यास करताना माणूस आपल्या आजाराला काय नाव देतो, कारण काय मानतो, कुणापासून लपवतो, हे विचारण्याची एक चौकट घडवली. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. पुढे कलंक मोजणारी तिच्यातली प्रश्नमालिका परदेशांतही वापरली गेली. प्रश्नावल्या नेहमी बोटीतून उतरतातच असं नाही, कधी इथूनही चढतात. विक्रम पटेल यांनी झिम्बाब्वेत हरारेला शोना भाषेतल्या शब्दांवरून प्रश्नावली बांधली. ‘फार विचार करणं’ हा तिथला मनोदुःखाचा शब्द. नंतर गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर पाच वेगवेगळ्या छोट्या प्रश्नावल्या ताडून पाहिल्या, तो अभ्यास २००८ चा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तर प्रश्नावलीच्याही आधीचं काम केलं. बायका आपल्या शरीराबद्दल काय बोलतात ते ऐकलं. ‘कानोसा’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच या घराण्याचं ब्रीद व्हावं असं आहे.

तिसरं घराणं आकड्यांचं. क्रॉनबाखचा अल्फा, पुनर्चाचणी, घटक विश्लेषण, ही त्यांची वाद्यं. त्यांच्यावर मी लवकर आटोपतं घेतो, कारण पुस्तकात त्यांना भरपूर जागा आहे आणि मला त्यांतलं निम्मंच कळतं. जे कळलं ते असं. मूळ देशात दहा गुणांना धोक्याची रेघ असेल, तर ती इथेही दहालाच असेल असं गृहीत धरता येत नाही. ती इथल्या माणसांवर पुन्हा आखावी लागते. अनुवाद करून रेघ तीच ठेवणं म्हणजे गजाची पट्टी मीटर म्हणून वापरणं. आणि मराठीत नेमकं हेच वारंवार होतं.

मी स्वतः जिथे रमलो ती जागा व्याकरणाची. इंग्रजीत ‘मी’ दुःखी असतो, चिंतित असतो. मराठीत भावना चालून ‘माझ्याकडे’ येतात. मला वाईट वाटतं, मला राग येतो, मला भीती वाटते, मला करमत नाही. अनुवादक इंग्रजी वाक्याच्या मागे गेला की ‘मी उदास असतो/असते’ लिहितो. त्या तिरप्या रेघेपाशी अकरा वर्षांची मुलगी अडखळते, आधी आपलं लिंग शोधते आणि मग आपलं दुःख. ‘मला’नं वाक्य सुरू केलं की बहुतेक वेळा रेघेची गरजच उरत नाही. भाषेनं दिलेली सोय आपण समितीत बसून घालवतो.

नकाराचंही तसंच. चिंतेच्या एका प्रसिद्ध सात-कलमी प्रश्नावलीत ‘काळजी थांबवता न येणे’ असं कलम आहे आणि उत्तराचा पहिला पर्याय ‘अजिबात नाही’. न येणे, अजिबात नाही. म्हणजे येतं की येत नाही? त्यात ‘तुला झोप लागत नाही का?’ याला मराठी मूल ‘नाही’ म्हणालं तर त्याचे दोन अर्थ, आणि ‘हो’ म्हणालं तरी दोन. मान कशी हलली ते पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही, आणि मान कागदावर येत नाही.

शब्दांची जोखीम याहून मोठी. ‘करमत नाही’ हा मला फार आवडणारा शब्द, तो उदासीच्या प्रश्नात घालावा म्हणून मी हट्ट धरला होता. पण करमत नाही ते एखाद्या ठिकाणी, किंवा कुणावाचून. आश्रमशाळेत नव्यानं टाकलेल्या मुलाला करमत नाही. कुठेच आणि कुणाबरोबरच बरं न वाटणं ही निराळी गोष्ट. ‘टेन्शन’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यात परीक्षाही येते, कर्जही येतं आणि सासूही. ‘कुटुंब’ तर आणखी गमतीचा. माझ्या वडिलांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. ‘तुमच्या कुटुंबात मोकळेपणानं बोलता येतं का’ या प्रश्नाला एका वृद्ध विणकरानं लाजून उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

उत्तरांच्या पायऱ्याही अशाच. कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. हे चार शब्द आपल्याला समान अंतरावरचे वाटतात, ऐकणाऱ्याला वाटतीलच असं नाही. म्हाताऱ्या माणसांकडे याहून नेमकी मोजपट्टी होती. ‘डॉक्टर, बारा आणे फरक आहे.’ सोळा पायऱ्यांची मोजपट्टी, आणि शिकवावी न लागणारी. नातवंडांना आता आणे ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं वापरतात. त्यांतला मधला चेहरा मुलं फारशी निवडत नाहीत, असा माझा अनुभव. मधला म्हणजे त्यांच्या लेखी ‘काहीच नाही’.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो म्हणजे विचारायचं कुणाला. मुलांच्या जीवनमानाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तेवीस कलमांच्या प्रश्नावलीत पाच वर्षांपासून मुलाला स्वतःला विचारतात, आणि दोन ते चार वर्षांच्या बाळांसाठी फक्त पालकांना. मूल आणि आई यांची उत्तरं जुळत नाहीत, हे जगभर दिसलेलं आहे. आपल्याकडे त्याआधीचीच अडचण आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल आजीजवळ असतं. हातमागाच्या घरात आई-वडील दिवसभर समोर असतात, पण मान वर करायला सवड नसते. ‘पालक’ कोण? शिवाय मुलाला प्रश्न विचारला की उत्तर मागून येतं, आईचं, काकूचं, क्वचित शेजारणीचं. पोट दुखतं म्हणून शाळेत न जाणाऱ्या मुलाचं पोट खरंच दुखत असतं का, हे त्या गर्दीत कळायचं कसं?

हे सगळं आताच का, असं कुणी विचारील. कारण प्रश्नावली आता संशोधकाच्या पिशवीतून उतरून दारात आली आहे. आशाताई तिशीवरच्या माणसांचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात आता मनःस्थितीचेही दोन प्रश्न आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि जन्मजात दोषांपासून वाढीतल्या विलंबापर्यंत मुलांना पारखतात. स्वमग्नतेचं प्रमाणपत्र चाळीस कलमांच्या भारतीय मापावर ठरतं, आणि प्रमाणपत्रावर सवलती. अर्ज मोबाइलवर भरला जातो, मराठी मजकूर कधीकधी यंत्रानंच केलेला असतो. एका चुकीच्या शब्दाला पूर्वी एक प्रबंध बळी पडे. आज तो एका रात्रीत जिल्हाभर पोचतो. आणि चांगल्या मराठी आवृत्त्या बनतात त्या प्रबंधांतच राहतात. नाशिकलाच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. दर वर्षी किती विद्यार्थी तीच प्रश्नावली पुन्हा नव्यानं मराठीत करत असतील!

या पुस्तकानं दोन गोष्टी करायचं ठरवलं आहे. एक म्हणजे झालेल्या कामाची उतरंड नीट लावणं, म्हणजे पुढच्याला पायथ्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सांधेदुखीची पाहणी घरोघर मराठीत केली. भारतीय प्रौढांसाठीच्या संधिवात प्रश्नावलीत मांडी घालून किंवा उकिडवं बसता येतं का, हा प्रश्न आला. अशा कामांतून काय शिकता येतं, हे इथे तपशिलानं वाचायला मिळेल. दुसरी गोष्ट अधिक धाडसाची. चाचणीत फसलेले प्रश्न लेखकांनी लपवलेले नाहीत. कोणता प्रश्न कुठे अडला, कोण हसलं, कोण चिडलं, कोण उठून गेलं, हे त्यांनी लिहिलं आहे. मराठीच्या आतल्या बोलींचं भानही या पुस्तकाला आहे. मालेगाव-बागलाणची अहिराणी, सुरगाणा-पेठची कोकणा बोली, उर्दू बोलणारी विणकर घरं, या सगळ्यांना ‘प्रमाण मराठी समजते’ या एका खुणेत बसवता येत नाही. पुस्तकाला हे सगळं जमलंय असं नाही. अहिराणीवरचा भाग मला तोकडा वाटला आणि मी तसं संपादकांना सांगितलंही. किशोरवयीन मुलांवरच्या भागात मुलंच कमी बोलतात, मोठी माणसं जास्त.

माझ्या स्वतःच्या फसगतीचा उल्लेख आत आहे, नाव न घेता. तो मीच, म्हणून इथे सांगून टाकतो. माझ्याकडे आलेल्या मजकुरात ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असं होतं. मला ते इंग्रजी वळणाचं वाटलं, म्हणून लाल शाईनं खोडून ‘गेल्या पंधरवड्यात’ केलं. समितीनं माना डोलावल्या. चाचणीत एका आजीनं अमावास्येपासून मोजलं, म्हणजे पाच दिवस. दुसरीनं विचारलं, पंधरवडा म्हणजे पितरांचा का? तिसरी मागावर होती. ती म्हणाली, ही साडी चढवली तेव्हापासून म्हणता का? साडी चढून दीड महिना झाला होता. आता छापलं आहे ‘मागचे दोन बाजार धरून’, आणि येवल्यात ते सगळ्यांना कळलं. पण हीच प्रश्नावली ज्या गावात न्यायची आहे तिथे बाजार आठवड्यातून दोनदा भरतो, असं परवाच संपादकांचं पत्र आलं आहे.